केबल बॉक्स नको, लोकल चॅनेल मात्र एचडीत हवेत: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात केबलचं बिल कमी करण्याबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि पीबीएस हे लोकल चॅनेल साध्या अँटेनावर फुकट आणि एचडीत दिसतात, त्यासाठी केबल बॉक्स लागत नाही. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: नमस्कार दादा, केबलचं बिल बघून आमचे हे म्हणतात बंदच करून टाकू, इंटरनेट ठेवू आणि बाकीचं स्ट्रीमिंगवर बघू. पण मला सकाळी लोकल बातम्या आणि हवामान लागतं आणि मुलांना पीबीएस किड्स. बॉक्स परत केला तर टीव्हीला नक्की काय लावायचं? आणि खरंच एचडी दिसेल की लहानपणीच्या दूरदर्शनसारखं मुंग्या मुंग्या? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: ताई, एचडीच दिसेल, आणि बऱ्याचदा केबलपेक्षा स्वच्छ दिसेल. कारण साधं आहे, स्टेशन जे हवेतून पाठवतं ते तुमच्याकडे थेट येतं, मधे कोणी हात लावत नाही, आणि केबल कंपन्या तोच सिग्नल घेऊन अनेकदा अजून दाबून पाठवतात म्हणजे जास्त चॅनेल बसतात. सीबीएस आणि एनबीसी १०८०आय मधे पाठवतात, एबीसी आणि फॉक्स ७२०पी मधे, दोन्ही एचडीच, आणि एका स्टेशनला साधारण १९.३९ मेगाबिट दर सेकंदाला एवढी जागा असते. त्यातच हल्ली स्टेशनं ४.२, ४.३ असे जास्तीचे चॅनेल भरतात, जुन्या मालिका वगैरे, त्यामुळे मुख्य चॅनेलची जागा थोडी कमी होते हे खरं, पण तरीही फुटबॉलची मॅच एकदा अँटेनावर बघा, गवतात फरक कळतो.

आता लागतं काय तर तीनच गोष्टी, ट्यूनर (म्हणजे सिग्नल वाचून चित्र दाखवणारा भाग), अँटेना आणि एक कोअॅक्स वायर, केबलला असते तीच गोल वायर. ट्यूनर तुमच्या टीव्हीत बहुतेक आहेच, कारण १ मार्च २००७ पासून अमेरिकेत येणाऱ्या टीव्हीत डिजिटल ट्यूनर असणं कायद्याने सक्तीचं झालं, आणि १२ जून २००९ ला मोठ्या स्टेशनांचं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंदच झालं. टीव्हीच्या मागे आटे असलेली गोल पितळी जागा शोधा, जिथे वायर फिरवून बसवतात, २००७ नंतरच्या टीव्हीत ती असेल तर ट्यूनर आहे. फक्त काही सेट मॉनिटर किंवा डिस्प्ले म्हणून विकले गेलेत त्यांच्यात तो नसतो, मग एचडीएमआयला जोडायचा छोटा ट्यूनर बॉक्स विकत घ्यायचा, एकदाच पैसे, महिन्याचं भाडं नाही.

अँटेना जोडला की मेनूत जाऊन आधी केबलच्या जागी अँटेना किंवा एअर निवडा आणि मग चॅनेल स्कॅन करा. हे मुद्दाम सांगतोय कारण माझ्याकडे "अँटेना लावला, एकही चॅनेल नाही" म्हणून येणाऱ्या लोकांत हीच चूक सगळ्यात जास्त असते, सेट केबल मोडवर राहिलेला असतो आणि लोक अँटेना परत करून येतात.

आणि अँटेना कुठे ठेवायचा यावर खरा सगळा खेळ आहे. तुमच्यासाठी न्यूयॉर्कच्या स्टेशनांचे अँटेने मॅनहॅटनमधे वन वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि एम्पायर स्टेटवर आहेत, म्हणजे एडिसनहून साधारण २५ मैल, ईशान्येला. फिलाडेल्फियाचे टॉवर रॉक्सबरोला आहेत ते तुमच्या नैर्ऋत्येला, बरोबर उलट्या बाजूला आणि दुपटीहून लांब, त्यामुळे एका अँटेनावर दोन्ही शहरं धरायचा मोह सोडा. घराच्या ईशान्येकडच्या खिडकीत, जमेल तेवढं उंच, वरच्या मजल्यावर असेल तर उत्तम. मी स्वतः पहिल्यांदा लावला तेव्हा टीव्हीच्या मागेच भिंतीला चिकटवला होता आणि सहा चॅनेल आले, तोच अँटेना तीच वायर जिन्यावरून वरच्या खोलीच्या खिडकीत नेली तर चाळीसच्या वर आले. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो की आधी जागा बदला, मग अँटेना बदला.

आपला टॉवर कुठे आहे हे बघायला एफसीसीच्या (टीव्ही-रेडिओचे नियम करणारी अमेरिकेची सरकारी संस्था) साइटवर डीटीव्ही रिसेप्शन मॅप आहे, आणि रॅबिटइअर्स नावाची साइट आहे, पत्ता टाकला की कोणतं स्टेशन कोणत्या दिशेला, किती मैलांवर आणि सिग्नल किती जोरात हे सगळं येतं. खरेदीच्या आधी ते बघा, नंतर नाही.

प्रश्न: मी ऑनलाइन "४के एचडी, २०० मैल रेंज" असा पातळ कागदासारखा अँटेना मागवला. ४ आणि ५ झकास दिसतात पण ७, ११ आणि १३ येतच नाहीत, आले तर तुकडे तुकडे होतात. टॉवर तर एकाच गावात आहेत ना सगळे? अँटेना खराब निघाला का? — एक वाचक, जर्सी सिटी, न्यू जर्सी

उत्तर: अँटेना खराब नाही, फक्त त्या कामाचा नाही. आणि खोक्यावरच्या त्या २०० मैलांवर मला मनापासून राग आहे, कारण पृथ्वी गोल आहे आणि टीव्हीचा सिग्नल जवळजवळ सरळ रेषेत जातो, त्यामुळे उंच टॉवर आणि छपरावरचा चांगला अँटेना धरला तरी ६०-७० मैलांच्या पुढे रोजच्या भरवशाचं काही मिळत नाही. एचडी अँटेना किंवा ४के अँटेना अशी वेगळी वस्तूही नसते. अँटेना फक्त लहरी पकडतो, त्यात एचडी आहे का काय आहे ते टीव्ही ठरवतो. एखाद्याच्या गराजमधे १९८० सालचा अँटेना धूळ खात पडला असेल तर तो आजही एचडी पकडेल.

तुमचं दुखणं वेगळं आहे. टीव्हीवर जो नंबर दिसतो तो पाटीवरचा नंबर, हवेत स्टेशन खरं कुठे बसलंय तो नंबर वेगळा असू शकतो. शिकागोचं सीबीएस टीव्हीवर २ दिसतं पण हवेत ते १२ वर आहे. हवेतल्या नंबरांचे तीन पट्टे आहेत, २ ते ६ म्हणजे लो व्हीएचएफ, ७ ते १३ हाय व्हीएचएफ आणि १४ ते ३६ यूएचएफ. न्यूयॉर्कमधे एबीसीचं ७ खरोखरच हवेतल्या ७ वर आहे, ११ हे ११ वरच आहे आणि पीबीएसचं १३ हवेत १२ वर आहे, म्हणजे तुमचे तिन्ही गायब झालेले चॅनेल व्हीएचएफ निघाले आणि जे झकास दिसतात ते यूएचएफ. पातळ चौकोनी अँटेने यूएचएफला बरे असतात कारण यूएचएफची लहर आखूड असते, अर्धी लहर म्हणजे फूटभर किंवा त्याहून कमी. हवेतल्या ७ नंबरच्या चॅनेलची अर्धी लहर मात्र ३३ इंचांच्या आसपास आहे, ती कागदाएवढ्या पत्र्यात नीट बसत नाही.

उपाय स्वस्त आहे. दोन दांड्यांचा जुना रॅबिट इअर्स अँटेना आणा, प्रत्येक दांडी साधारण १४ ते १६ इंच बाहेर काढा, पूर्ण ताणू नका, आणि व्ही आकारापेक्षा थोडी आडवी करून रुंद बाजू टॉवरकडे करा. जागा असेल तर व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही लिहिलेला माळ्यावरचा अँटेना घ्या. फिलाडेल्फियाच्या बाजूला राहणाऱ्यांना हे अजून जास्त लागू आहे कारण तिथलं एबीसीचं ६ हे हवेतही ६ वरच आहे, लो व्हीएचएफ, त्याला एकेक दांडी जवळजवळ ३५ इंच लागते, आणि घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि स्वस्त चार्जरचा खरखराट याच पट्ट्यात सगळ्यात जास्त त्रास देतो. ६ येत नसेल तर एकदा अँटेनाजवळचे चार्जर आणि दिवे बंद करून बघा.

प्रश्न: पूर्वी आम्ही केबलची वायर बॉक्स न लावता थेट टीव्हीत घालायचो आणि लोकल चॅनेल एचडीत दिसायचे. आता तीच वायर घातली तर काही नाही. टीव्ही बिघडला का? — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर: टीव्ही बिघडला नाही. पूर्वी केबल कंपन्यांना सगळ्यात खालच्या पॅकेजमधले लोकल चॅनेल कुलूप न लावता पाठवावे लागायचे, त्याला क्लिअर क्वाम म्हणायचे आणि टीव्हीतला ट्यूनर ते वाचायचा. ऑक्टोबर २०१२ मधे एफसीसीने पूर्ण डिजिटल झालेल्या कंपन्यांना तेही चॅनेल एनक्रिप्ट करायची परवानगी दिली आणि मग एकेका गावात ते बंद होत गेले. तो रस्ता आता संपला म्हणून समजा.

पण एक गोष्ट नक्की सांगायचीय. इंटरनेट त्याच केबलवर येत असेल तर अँटेना त्या चालू वायरीला जोडू नका. स्प्लिटर उलटा लावून दोन्ही एकत्र करायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो, त्याने तुमचा सिग्नल केबलच्या जाळ्यात घुसतो, इंटरनेट बिघडतं आणि शेजाऱ्यांचंही बिघडू शकतं. घरातली जुनी कोअॅक्स वापरायची असेल तर बाहेरच्या डब्यात कोणती वायर कुठे जाते ते शोधून अँटेनाचा भाग पूर्ण वेगळा करा आणि मॉडेमची वायर एकटी ठेवा.

प्रश्न: आम्ही अपार्टमेंटमधे भाड्याने राहतो. बाल्कनीत छोटा अँटेना लावला तर ऑफिसमधून नोटीस आली की बाहेर काहीही लावायला परवानगी नाही, काढा नाहीतर दंड. घरात ठेवला तर निम्मे चॅनेल जातात. काय करावं? — एक वाचक, अर्विंग, टेक्सास

उत्तर: हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं कारण अशा नोटिसा येतात आणि आपली माणसं घाबरून निमूट काढून टाकतात. एफसीसीचा १९९६ पासूनचा एक नियम आहे, ओटार्ड म्हणतात त्याला. त्यानुसार लोकल टीव्हीचा अँटेना लावायला घरमालक किंवा एचओए (घरमालकांची सोसायटी) सरसकट बंदी घालू शकत नाही, जर तो अँटेना फक्त तुमच्याच वापरात असलेल्या जागेत असेल, म्हणजे तुमची बाल्कनी, तुमचा पॅटिओ. भाडेकरूलाही हा हक्क आहे. उगाच उशीर लावणं, अवाजवी खर्च पाडणं किंवा नीट सिग्नल येणार नाही अशा अटी घालणं हे पण त्यात चालत नाही.

मर्यादाही माहीत असू द्या, म्हणजे बोलताना अडकायला नको. सगळ्यांच्या सामाईक छपरावर किंवा बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीवर लावायचा हक्क नाही, कठड्याबाहेर लोंबत असेल तर ते त्यांच्या हद्दीत गेलं, भिंतीला भोक पाडायला ते मनाई करू शकतात, आणि सुरक्षेचे खरे नियम असतील तर ते पाळावे लागतात. म्हणून बाल्कनीच्या आत, जड स्टँडवर किंवा बादलीत काँक्रीट ओतून रोवलेल्या पाइपवर अँटेना उभा करा आणि दाराच्या फटीतून जाणारी चपटी कोअॅक्स मिळते ती वापरा, भोक नकोच. मग ऑफिसला एक सभ्य पत्र लिहा, त्यात ओटार्ड नियमाचं नाव घाला आणि अँटेना पूर्णपणे तुमच्या बाल्कनीत आहे असं लिहून फोटो जोडा, आणि त्याची कॉपी स्वतःकडे ठेवा. तरी ऐकलं नाही तर एफसीसीकडे दाद मागता येते.

तुमच्या गावाचं सांगायचं तर डॅलसचे बहुतेक टॉवर सीडर हिलला आहेत, अर्विंगच्या दक्षिणेला साधारण १५-१६ मैल. बाल्कनी दक्षिणेला असेल तर नशीबच म्हणायचं. उत्तरेला असेल तर सिग्नल पूर्ण बिल्डिंगमधून येतोय, मग दक्षिणेकडच्या खोलीतली खिडकीच बरी पडेल. फक्त काच कोणती आहे ते बघा, ऊन अडवणाऱ्या लो-ई काचेवर धातूचा अगदी पातळ थर असतो आणि तो सिग्नलही अडवतो. स्टको भिंतीत तारेची जाळी असते तीही तशीच, आणि माळ्यावर चांदीसारखा चकचकीत कागद लावला असेल तर तिथेही अँटेना फुकट जातो.

प्रश्न: छपरावर अँटेना आहे, चार टीव्हींना वाटलाय, अॅम्प्लिफायर पण लावला. दिवसा ठीक, पण मधेच चित्र गोठतं आणि आवाज तुटतो. अजून मोठा अॅम्प्लिफायर घेऊ का? — एक वाचक, नेपरविल, इलिनॉय

उत्तर: नका घेऊ, आधी आहे तो काढून बघा. अॅनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढायच्या, आपण छपरावर आणि खाली कोणीतरी टीव्हीसमोर, आलं का आलं का असं ओरडत फिरवत बसायचो आणि चित्रावरून कळायचं की सुधारतंय का बिघडतंय. डिजिटलमधे तसं होत नाही, एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम स्वच्छ असतं आणि त्याच्या जरा खाली गेलं की एकदम तुटतं. म्हणजे दिवसा स्वच्छ दिसतंय याचा अर्थ सिग्नल भरपूर आहे असा नाही, तुम्ही काठावर उभे असू शकता, वाऱ्याने ओली पानं हलली की पडलात. टीव्हीच्या मेनूत सिग्नलचा मीटर असतो, चित्र न बघता तो बघत अँटेना थोडा थोडा फिरवा.

चार वाटे करणारा स्प्लिटर प्रत्येक टीव्हीला जवळजवळ ७ डेसिबल कमी देतो, दोनचा असेल तर साडेतीन. शंभर फूट आरजी-६ वायरीत वरच्या चॅनेलांना अजून पाच-सहा डेसिबल जातात, आणि जुनी बारीक आरजी-५९ असेल तर त्याहून जास्त. अॅम्प्लिफायरचं काम हा वाटण्यातला आणि वायरीतला तोटा भरणं एवढंच, अँटेनाने जे पकडलंच नाही ते तो निर्माण करू शकत नाही, म्हणून तो लावायचा तर अँटेनाच्या अगदी जवळ, टीव्हीजवळ नाही. आणि टॉवर जवळ असतील तर तो उलटा घात करतो, जोरदार सिग्नलने ट्यूनर गुदमरतो आणि चॅनेल जातात. शिकागोचे टॉवर तुमच्यापासून तीसेक मैलांवर, मधे डोंगर नाही काही नाही, तुम्हाला मोठ्या अॅम्प्लिफायरची गरज असेल असं मला वाटत नाही.

अजून एक तपासा, घराजवळ मोबाइलचा टॉवर आहे का. पूर्वी टीव्हीचे असलेले ३८ ते ५१ नंबरचे चॅनेल लिलावात मोबाइल कंपन्यांना गेले आणि २०२० च्या जुलैपर्यंत उरलेल्या स्टेशनांना खाली सरकवलं, त्यामुळे जुना अँटेना आणि जुना अॅम्प्लिफायर ते मोबाइलचे सिग्नलही उत्साहाने पकडून वाढवतात. मोबाइलचे सिग्नल अडवणारा छोटा एलटीई फिल्टर अॅम्प्लिफायरच्या आधी लावला की बऱ्याचदा सुटतं. आणि त्या सरकण्यानंतर ज्यांनी पुन्हा स्कॅन केलाच नाही त्यांनी करा, फक्त पाऊसवादळात नको, काही टीव्ही स्कॅनच्या वेळी जे चॅनेल सापडत नाहीत ते यादीतून पुसून टाकतात.

छपरावर अँटेना आहे म्हणून विचारतो, अर्थिंग केलंय ना? खांब आणि कोअॅक्स दोन्ही घराच्या मूळ अर्थिंगला जोडलेले पाहिजेत. इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवाच, यात मी कोणालाही सूट देत नाही.

प्रश्न: नेक्स्टजेन टीव्हीसाठी थांबू का? — एक वाचक, सिअॅटल, वॉशिंग्टन

उत्तर: थांबू नका. नेक्स्टजेन टीव्ही म्हणजे हवेतून टीव्ही पाठवायची नवी पद्धत, तिचंच तांत्रिक नाव एटीएससी ३.०, एफसीसीने ती २०१७ मधे स्टेशनांना स्वेच्छेने वापरायला दिली. सिग्नल जास्त चिवट आहे, ४के पण पाठवता येतं, पण काही स्टेशनं त्यावर कुलूप घालतात आणि मग रेकॉर्डिंगच्या खोक्यांना ते उघडत नाही. अँटेना जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींना एकच चालतो, तेव्हा आज चांगला अँटेना नीट जागी लावला तर तो पैसा वाया जाणार नाही, ट्यूनर नंतर बदलता येतो.

प्रश्न: आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. दिवसभर दोघंच घरी. त्यांना स्मार्ट टीव्हीचे अॅप, पासवर्ड, प्रोफाइल हे काही जमत नाही, चिडचिड होते. अँटेनावर मराठी चॅनेल येतात का? — एक वाचक, शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर: नाही, अँटेनावर तिथली लोकल स्टेशनंच येतात, मराठी मालिकांसाठी स्ट्रीमिंगचंच काहीतरी घ्यावं लागेल. पण तरीही त्यांच्या खोलीत अँटेना लावाच असं मी म्हणेन, कारण यात लॉगिन नाही काही नाही, रिमोटवर नंबर दाबला की चॅनेल लागतो, त्यांच्या हाताला हीच सवय आहे. मेनूत जाऊन नको ते चॅनेल यादीतून काढून टाका, खरेदीचे वगैरे, आणि पाच-सहाच ठेवा. बातम्यांचे एक-दोन, पीबीएस, आणि जुने सिनेमे दाखवणारा एखादा जास्तीचा चॅनेल. मग मोठ्या अक्षरात कागदावर नंबर लिहून रिमोटच्या मागे चिकटवा, टिंबासकट, कारण ७ आणि ७.१ यातला फरक त्यांना आधी समजावून सांगावा लागतो. ७ दाबायचं, मग टिंबाचं किंवा आडव्या रेघेचं बटण, मग १. दोनदा त्यांच्याकडून करून घ्या, तुम्ही करून दाखवू नका.

अॅपवर फिरवून लोकल चॅनेल देणाऱ्या फुकट सेवेबद्दलही दोघांनी विचारलंय. लोकास्ट नावाची तशी एक होती, ना-नफा तत्त्वावर, पण स्टेशनांच्या मालकांनी कोर्टात नेलं आणि सप्टेंबर २०२१ मधे ती बंद पडली. त्याआधी एरिओचंही २०१४ मधे सुप्रीम कोर्टात तसंच झालं. तुमच्या स्वतःच्या अँटेनावर फुकट चॅनेल बघायला मात्र अशी कोर्टाची आडकाठी नाही. एकच अँटेना वायफायवर घरभर फिरवायचा असेल आणि रेकॉर्डिंगही हवं असेल तर एचडीहोमरन किंवा टॅब्लोसारखा खोका अँटेनाला जोडता येतो, पण आई-बाबांच्या खोलीत थेट वायरच राहू द्या.

आणि त्यांच्या टीव्हीवर क्लोज्ड कॅप्शन आठवणीने चालू करून ठेवा. कॅप्शन सिग्नलमधेच येतात, वेगळं काही घ्यावं लागत नाही. इथल्या निवेदकांचे उच्चार भराभर असतात आणि पहिले काही आठवडे कानाला पकडता येत नाहीत, पण आपली मंडळी इंग्रजी वाचू शकतात, खाली ओळ आली की बातमी कळते आणि मग संध्याकाळी तुम्ही घरी आलात की उद्या बर्फ पडणारे हे तेच तुम्हाला सांगतात.